निळ्या झेंड्या

वन्सं: अगं, त्या पाण्याच्या जगाचं बूड काढशील आता घासून घासून. दे इकडे.

वहिनी: राहू द्या वन्सं, मी करते. तुमचा गुडघा आधीच सुजलाय.

वन्सं: जग काय गुडघ्याने विसळतात? बस जरा. सायकलफेरी संपली, सगळे परत आले, कुणी पडलं नाही, कुणाला उन्हाने चक्कर आली नाही. लोक बाहेर झाडाखाली पाय पसरून बसलेत, हसतायत. आणि तुझं तोंड बघ, घरातलं कुणी गेल्यासारखं.

वहिनी: काही नाही हो.

वन्सं: मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसले. ज्यांचं खरंच काही नसतं, ते फोन ठेवतात. 'काही नाही' म्हणून जे तारेवर थांबून राहतात ना, त्यांचं बरंच काही असतं.

वहिनी: ती उठली, वन्सं.

वन्सं: कोण?

वहिनी: बाळंतीण.

वन्सं: अगं बाई! ती माळावरची?

वहिनी: सकाळीच उठली. राखणदाराने मचाणावरून पाहिलं. अंडं तसंच उघड्यावर टाकून उडाली, पार तळ्याच्या अंगाला गेली. अजून परत बसलेली नाही.

वन्सं: एवढा थोरला माळ पडलाय, आणि या पाखराला फेरीच्या वाटेशेजारीच अंडं घालायचं सुचलं!

वहिनी: माळ तिचाच आहे. वाट आपली. आणि या दिवसांत बाकीच्यांची पिल्लं पळायलासुद्धा लागलेली असतात. ही उशिरा बसली. म्हणजे पहिलं अंडं कोल्ह्याने नाहीतर भटक्या कुत्र्यांनी नेलं असणार. एकच घालते हो ती. साध्या मातीवर, खाली काडीसुद्धा नाही.

वन्सं: मला काय सांगतेस? तुला ती दिसली त्या दिवशी तू चपला न काढता आत येऊन मला हेच सांगत होतीस. चहा उतू गेला तरी तुझं आपलं 'मान केवढी उंच हो, आणि बसली की मातीचं ढेकूळ'. मी तेव्हाच म्हटलं होतं, आता ही त्या पाखरासाठी दुपटं शिवायला बसणार.

वहिनी: चेष्टा नको, वन्सं. आज नको.

वन्सं: बरं, नाही करत.

वहिनी: सगळ्यांच्या सदऱ्यावर तिचंच, माळढोकाचंच चित्र होतं. गवत राखा, पाखरं राखा. तिच्यासाठी म्हणून एवढी माणसं उन्हातून पायडल मारत आली, आणि तिलाच उठवून गेली.

वन्सं: उठवलं कुणी पण? वाट सोडायची नाही असं तर ठरलं होतं.

वहिनी: शिंपीमास्तरांनी. असं माझी भिंगरी म्हणते.

वन्सं: आपले शिंपीमास्तर? दादाचे दोस्त?

वहिनी: राखणदार आधी उडालेल्या पाखरामागे दुर्बीण फिरवत राहिला, मग खाली केली, तर मास्तर सायकल हातात धरून अंड्याच्या पुढ्यात उभे. वाट सोडून आत, गवतात. भिंगरीने विचारलं, "काका, तुम्ही आत गेला होता?" तर म्हणाले, "गेलो होतो." "का गेलात?" तर म्हणाले, "तहान लागली होती."

वन्सं: बस? एवढंच?

वहिनी: एवढंच. भिंगरीला वाटलं, आपली टिंगल करतायत. तिचा पारा चढला. वाट सोडली की नाव कायमचं कमी, हा नियम तिनेच केलाय ना. म्हणाली, "बाबांच्या मित्राला सूट दिली तर उद्या दुसऱ्या कुणाला मी काय तोंडाने अडवू?" आता समारोपात माइकवरून सांगणार आहे. मास्तरांचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर.

वन्सं: बापावर गेलीय कार्टी.

वहिनी: हे असते तर असं केलं नसतं.

वन्सं: केलं असतं. आणि रात्रभर कूस बदलत राहिला असता. दोघांत मिळून एक सायकल होती त्यांची, तुला आठवतं का? तू तेव्हा नवी आली होतीस.

वहिनी: आठवतं की. एक चालवायचा, एक दांडीवर. चढ आला की दोघं खाली उतरायचे आणि भांडायचे, कुणामुळे जड झाली म्हणून.

वन्सं: तेव्हा लोक या माळाला पडीक म्हणायचे. इथे नुसतं गवत आहे, नांगरून टाका, झाडं लावा, काहीतरी करा. आणि हे दोघं येडे एका सायकलवरून घरोघर जाऊन सांगायचे की गवत म्हणजे रिकामी जागा नव्हे. लोक पाणी द्यायचे आणि हसायचे.

वहिनी: ती पहिली फेरी. कुणी फेरी म्हणत नव्हतं तिला. मी भाकरी बांधून द्यायची ती दोघांची द्यायची. हे गेले त्या वर्षी मास्तर म्हणाले, "वहिनी, त्याचा क्रमांक मला द्या. माझा कुणाला तरी देऊन टाका." तेव्हापासून यांचाच क्रमांक पाठीवर लावून येतात.

वन्सं: आणि आता तोच काढून घेणार.

वहिनी: वन्सं, मास्तर पाणी प्यायलाच आत गेले होते.

वन्सं: माळावर पाणी?

वहिनी: तिथे पाण्याच्या झेंड्या होत्या. निळ्या. मी लावल्या होत्या.

वन्सं: तू? बोल. मी ऐकतेय.

वहिनी: राखणदाराने मला बजावलं होतं. म्हणाला, "आजी, काही करायचं नाही. दगड मांडायचे नाहीत, दोरी बांधायची नाही, कुणाला दाखवायचं नाही. ती बसली की दिसत नाही, हीच तिची भिंत." मी हो म्हटलं. आणि घरी आल्यावर मला चैन पडेना. मला डोळ्यांसमोर दिसायचं, एखादा पोरगा लघवीला म्हणून वाट सोडून आत जाणार, आणि त्याचा पाय नेमका त्या अंड्यावर. मग काल संध्याकाळी सगळे वाटेवर बाण आखून परत आले, आणि मी म्हटलं, मी जरा पाय मोकळे करून येते.

वन्सं: पिशवी घेऊन.

वहिनी: तुम्ही पाहिलंत?

वन्सं: पाय मोकळे करायला कुणी शिवणाची पिशवी नेत नाही.

वहिनी: उरलेलं कापड होतं त्यात. त्याच्या एवढ्याएवढ्याशा झेंड्या केल्या, हाताने दुमडून टाका घातला, काड्यांना बांधल्या. तिच्यापासून चांगलं अंतर ठेवून गोल लावल्या. ती हललीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला कळलंय.

वन्सं: निळ्याच का गं? दुसरा रंग नव्हता का जगात?

वहिनी: लाल मिळाली असती. पण लाल बघून ती बिचकेल असं वाटलं. निळं कसं, शांत असतं.

वन्सं: अगं, फेरीच्या सगळ्या झेंड्या तूच शिवून घेतल्यास! पिवळी म्हणजे वळण आणि निळी म्हणजे पाणी, हे सकाळी निघताना भिंगरीने सगळ्यांकडून शाळेतल्यासारखं म्हणवून घेतलं. तू शेजारी उभी होतीस.

वहिनी: उभी होते. ऐकतही होते. तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही. मी तिचा विचार केला, तिला काय दिसेल याचा. वाटेवरून येणाऱ्या तहानलेल्या माणसाला काय दिसेल, ते सुचलंच नाही मला. या वयात एवढी अक्कल नसावी माणसाला?

वन्सं: अकलेचा प्रश्न नाही. तुला चिंधी बांधल्याशिवाय राहवतच नाही. काचेच्या दाराला चिंधी, कुणी आपटू नये. गरम पातेल्याच्या कडीला चिंधी, कुणी धरू नये. फरशी ओली की मधोमध खुर्ची. दादा म्हणायचा, आमच्या घरात माणसाने नाही, चिंध्यांनी वाट दाखवायची.

वहिनी: आणि एकदा त्याच खुर्चीला अडखळून पडले होते.

वन्सं: मनगट मुरगळलं होतं. तेव्हाही तू असंच तोंड केलं होतंस.

वहिनी: ते मनगट बरं झालं, वन्सं.

वन्सं: हं.

वहिनी: मला भिंगरीला सांगायला हवं. समारोप सुरू व्हायच्या आत.

वन्सं: सांगून काय होणार?

वहिनी: असं काय विचारता?

वन्सं: विचारते. ती बाळंतीण सांगितल्याने परत येऊन बसणार आहे? अंड्याला ऊब मिळणार आहे? नाही ना? मग? बाहेर बघ, कोण कोण बसलंय. तुझ्या लेकीने ही फेरी एवढी मोठी केली. दोनाचे एवढे झाले. आणि आज सगळ्यांना कळणार की जिच्यासाठी हा खटाटोप, तिला उठवलं कुणी, तर फेरीवालीच्या आईने. लोक हसतील. पुढच्या वर्षी कोण येईल?

वहिनी: आणि मास्तर?

वन्सं: मास्तरांनी तोंड उघडलं का? नाही उघडलं. त्यांना बोलायचं असतं तर बोलले असते. आणि त्यांचंही वय झालंच आहे. आज ना उद्या सायकल ठेवावीच लागणार होती.

वहिनी: वन्सं, हे तुम्ही बोलताय?

वन्सं: मग कोण बोलतंय? मी जगरहाटी सांगतेय. झाकली मूठ...

वहिनी: तुम्ही आयुष्यात कधी झाकली मूठ ठेवली नाहीत. माझ्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की नवरीच्या पोलक्याची एक बाही लांब एक आखूड आहे.

वन्सं: होतीच.

वहिनी: होतीच. म्हणून तर विचारते. आज तुम्हाला झालंय काय?

वन्सं: ऊन लागलंय. दे तो जग.

वहिनी: त्या झेंड्याही सापडल्या नाहीत. भिंगरी स्वतः राखणदाराबरोबर लांबून बघून आली. तिथे काही नव्हतं. फक्त तुडवलेलं गवत आणि चाकांच्या खुणा. झेंड्या असत्या तर तिला आपोआप कळलं असतं, मला तोंड उघडावंच लागलं नसतं. आणि खरं सांगू, काही नव्हतं असं ती म्हणाली तेव्हा क्षणभर माझ्या जिवात जीव आला. तेवढ्या क्षणाचीच आता लाज वाटतेय.

वन्सं: वाऱ्याने गेल्या असतील.

वहिनी: मी बांधलेली गाठ वाऱ्याने सुटते?

(दारावर टकटक होते. शिंपीमास्तर उंबऱ्याशी उभे असतात, एका हातात घडी घातलेला क्रमांक, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.)

मास्तर: येऊ का? वहिनी, क्रमांक गोळा करायचं काम तुमच्याकडे आहे ना? हा घ्या.

वहिनी: मास्तर...

मास्तर: घामाने जरा ओला आहे. धुवायला हवा. ताई, थांब्यावर तुमच्या हातचं पाणी आज अमृतासारखं लागलं बघा.

वन्सं: पाण्यात माझं काय कौतुक? टाकीत होतं ते ओतलं.

मास्तर: ओतायलाही हात लागतो. बरं, मी निघतो. समारोपाला थांबत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक येणार आहे.

वहिनी: आज सुटीच्या दिवशी कोण येतं तुमच्याकडे?

मास्तर: येतात की. पोट सुटलेली माणसं सुटीच्या दिवशीच येतात, पॅंट सैल करून घ्यायला.

वहिनी: बसा मास्तर. पिशवीत काय आहे?

मास्तर: काही नाही.

वन्सं: झालं. आणखी एक 'काही नाही'.

वहिनी: मला दाखवा.

मास्तर: वहिनी, कशाला? मी दुकानात नेऊन चिंध्यांत टाकतो. कुणाला कळायचं नाही.

वहिनी: म्हणजे तुम्ही काढल्यात.

मास्तर: मग काय करणार? मी खालच्या चढावर होतो तेव्हा पुढचे चार जण आत जाऊन बघून आले. "इथे पाणीच नाही" म्हणून ओरडत, चिडचिड करत पुढे गेले. मी सायकल ढकलत वर पोचेपर्यंत बराच वेळ गेला. मलाही तहान लागली होती. मला वाटलं, पोरांना दिसलं नसेल, माठ गवतात ठेवला असेल सावलीला. म्हणून मी आणखी आत गेलो. आणि ती माझ्या चाकापुढूनच उठली हो. केवढी मोठी! मला वाटलं, जमीनच उठली. खाली बघतो तर अंडं. मग पहिली झेंडी हातात घेतली. कापड बघितलं आणि टाका बघितला.

वहिनी: कापड तुम्हीच दिलं होतंत.

मास्तर: उरलंसुरलं तुम्ही मागून नेलंत. "असू दे, कशाला तरी होईल," म्हणालात. मागून माणसं येतच होती. म्हटलं, आधी या काढाव्यात, नाहीतर सगळी फेरी आत येईल. भराभर उपटल्या आणि पिशवीत कोंबल्या. आणि येणाऱ्याला हात करत उभा राहिलो, पुढे चला, पुढे चला. तेवढ्यात राखणदाराची शिटी.

वहिनी: आणि भिंगरीला का नाही सांगितलंत?

मास्तर: मी खोटं काही बोललो नाही. तहान लागली होती, ते खरं. आत गेलो होतो, तेही खरं.

वहिनी: झेंडीचं का नाही सांगितलंत?

मास्तर: त्या पोरीला? तिच्या आईचं? मी तिचं पहिलं झबलं शिवलंय, वहिनी.

वहिनी: म्हणून तिने तुम्हाला सगळ्यांसमोर घालवून द्यायचं?

मास्तर: झेंडी तुमची होती, पण आत गेलेले पाय माझेच की. पन्नास वेळा मीच लोकांना सांगितलंय, वाट सोडू नका, काही झालं तरी सोडू नका, गवतात कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही. आणि पाणी म्हटल्याबरोबर मीच सोडली. पुढे ताईंकडे पाणी होतंच. थोडी कळ काढली असती तर काय मेलो असतो? तर हे माझ्या नावावर राहू दे. मला ते जड नाही.

वहिनी: मला जड आहे.

मास्तर: शिवाय ताईंकडे पोचलेल्या पोरांनीही काही गवगवा केला नाही. कुणी झेंडीचं नावही घेतलं नाही नंतर.

वहिनी: कुठली पोरं?

मास्तर: तीच, माझ्या पुढची. त्यांनी तक्रार केली ना ताईंकडे? मी पाणी प्यायला आलो तेव्हा त्यातला एक अजून तिथेच होता. ताईंना म्हणत होता, "आजी, मघाशी सांगितलं ना मी, मागच्या थांब्यावर पाणी ठेवा कुणीतरी."

वहिनी: मघाशी? वन्सं, मास्तर पोचायच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं कुणी?

वन्सं: सांगितलं होतं.

वहिनी: की मागे निळ्या झेंड्या आहेत आणि पाणी नाही?

वन्सं: हो.

वहिनी: मग तुम्ही काय म्हणालात?

वन्सं: म्हटलं, मागे थांबा नाहीच, पहिला थांबा माझा. तो म्हणाला, "आहे हो आजी, गवतात छोट्या छोट्या झेंड्या लावल्यात गोल." गोल म्हणाला. मग मला कळलं.

वहिनी: तुम्हाला कळलं.

वन्सं: काल तुझी पिशवी पाहिली होती. गोल म्हटल्यावर आणखी काय कळायचं राहिलं?

वहिनी: आणि फोन तुमच्या कमरेला होता.

वन्सं: होता.

वहिनी: राखणदाराचा नंबर भिंगरीने सगळ्यांना दिलाय. तुम्हाला तर नंबर पाठ होतात. एकदा ऐकला की पुरे. शेजारच्या वाण्याचा जुना नंबरही तुम्हाला अजून येतो.

वन्सं: येतो. हाही येत होता. जन्मभर मी लोकांचे फोन जोडले गं. अर्ध्या रात्री उठून जोडले. आज एक जोडला नाही.

वहिनी: का?

मास्तर: वहिनी, जाऊ दे.

वन्सं: नाही मास्तर, विचारू दे. मला सकाळपासून वाटतंय कुणीतरी विचारावं. मी रागावले होते.

वहिनी: माझ्यावर? काय केलं मी?

वन्सं: सकाळी तू माझ्या खुर्चीला चिंधी बांधलीस.

वहिनी: अहो, ती एका पायाने डुगडुगत होती!

वन्सं: माहीत आहे. आणि चार बायकांसमोर म्हणालीस, "वन्सं, इथून उठू नका हं, तुम्ही नुसतं पाणी द्या, बाकी काही करू नका." लहान पोराला सांगावं तसं. आणि भिंगरी तुझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई नसती तर ही फेरी झालीच नसती." मी शेजारीच होते. खुर्चीवर, चिंधी बांधून.

वहिनी: अहो वन्सं...

वन्सं: मग तो पोरगा आला आणि झेंड्यांचं सांगू लागला. मला आधी हसूच आलं. म्हटलं, कळू दे एकदा भिंगरीला तिच्या आईच्या चिंध्यांचा प्रताप. नुसतं पाणी द्या म्हणालीस ना? घे, नुसतं पाणी देतेय. मग एकेकाला ओतत राहिले. हसू कधीच गेलं होतं. मनात येत होतं, फोन कर, अगं फोन कर. पण आधी केला नाही, तर आता कसा करू, असं झालं. तिकडे पाखरू उडालं तेव्हा मी इकडे कुणाला तरी विचारत होते, आणखी हवं का.

वहिनी: म्हणून मघापासून मला गप्प बस सांगत होतात.

वन्सं: तुझं उघडं पडलं की माझं पडणारच. ज्याने मला सांगितलं तो पोरगा बाहेर झाडाखालीच बसलाय.

वहिनी: मला वाटलं, माझ्या काळजीपोटी सांगताय.

वन्सं: तसं वाटू दिलं मी.

मास्तर: ऐका दोघी. मी सांगतो. कापड फाटलं तर शिवता येतं. चुकीचं कापलं, तर त्याला इलाज नाही. आज कापलं गेलंय. तिघांनी मिळून कात्री धरली होती असं समजू. आता कात्री कुणाच्या हातात दिसली तेवढंच उरलंय. ती माझ्या हातात दिसली. राहू दे तिथेच.

वहिनी: नाही मास्तर. तुमची पाठ माझ्या झेंड्या झाकायला नाही. त्या पाठीवर यांचा क्रमांक असतो.

मास्तर: तो तुम्हाला परत दिला मी.

वहिनी: मी घेतला कुठे? तुमच्याच हातात आहे अजून.

मास्तर: लोक तुम्हाला बोलतील, वहिनी.

वहिनी: बोलू देत. मास्तर, खरं सांगा, ती परत बसेल?

मास्तर: राखणदार म्हणतो, कधीकधी बसतात. ऊन उतरायच्या आत बसली तर अंडं वाचेल. पण कुणी तिकडे फिरकायचं नाही. बसली की नाही ते बघायलासुद्धा जायचं नाही. बघायला गेलं तर पुन्हा उठेल. तोही मचाण सोडून खाली आलाय.

वहिनी: म्हणजे आज कळणारच नाही.

मास्तर: आज नाही. उद्याही कदाचित नाही.

वहिनी: मी नुसतं लांबून... गच्चीवरून...

वन्सं: वहिनी.

वहिनी: नाही. नाही जात. घरात बसेन. पण झोप लागायची नाही.

वन्सं: नको लागू दे. मीही जागीच असेन. पत्ते खेळू.

वहिनी: द्या मास्तर, ती पिशवी.

मास्तर: कशाला?

वहिनी: नुसतं तोंडाने सांगितलं तर भिंगरीला वाटेल, आई काकांना वाचवायला स्वतःवर घेतेय. ती तशीच आहे. टाका बघितला की तिला कळेल. तिच्या सगळ्या फ्रॉकच्या घेराला हाच टाका होता.

मास्तर: वाकडा.

वहिनी: वाकडाच. तुम्ही पन्नास वर्षं हसताय त्याला.

मास्तर: त्याच वाकड्या टाक्याने ओळखलं म्हणून तर गप्प राहिलो.

वन्सं: बाहेर माइक सुरू झालाय. भिंगरी 'हॅलो हॅलो' करतेय. मास्तर, तुम्ही कुठे निघालात? तुमचं ते पोट सुटलेलं गिऱ्हाईक थांबेल जरा. पाठीला क्रमांक लावा आणि पुढच्या रांगेत बसा.

मास्तर: ओला आहे हो.

वन्सं: वाळेल. वहिनी, पदर नीट कर. डोळे पूस. ते फडकं नको, त्याने जग पुसलाय.

वहिनी: आधी तिला बाजूला घेऊन सांगू का? एकटीला?

वन्सं: मास्तरांचं नाव ती बाजूला घेऊन सांगणार होती का?

वहिनी: नाही. तेही खरंच. पण मी कधी माइकवर बोललेली नाही. कसा धरतात तो?

वन्सं: तोंडाजवळ. ओरडायचं नाही, घाई करायची नाही. आणि आधी आपण कोण बोलतोय ते सांगायचं. लोक नेमकं तेच विसरतात.

वहिनी: सांगेन. आणि सगळं सांगून झालं की?

वन्सं: झालं की खाली ठेवू नकोस. माझ्याकडे दे.